करंगळीला मुंग्या येतायत? कोपरापाशी नस दबली असेल तर काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

मी फिजिओथेरपिस्ट आहे. करंगळी बधिर होते म्हणून जे पेशंट येतात त्यातल्या बहुतेकांनी घरी बरंच काही करून झालेलं असतं. कुणी मनगटाला पट्टा बांधलेला असतो, कुणी कोपराला रोज जोरात मालिश करत असतं, कुणी व्हिडिओ बघून नस ताणायचे व्यायाम दिवसातून पाच-सहा वेळा करत असतं, आणि हे सगळं चालू असताना रात्री मात्र हात घडी करून उशीखाली घालून झोपणं तसंच सुरू. म्हणजे मेहनत भरपूर पण क्रम उलटा. म्हणून हे सगळं एकदा नीट क्रमाने लिहिते. वाचताना पायऱ्या गाळू नका, खास करून दुसरी.

तीन ओळींत आत काय होतं ते समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. कोपराच्या आतल्या बाजूला जे टोकदार हाड लागतं त्याच्या मागून एक नस जाते, अल्नर नर्व्ह. टेबलाची कड लागली की करंट बसतो तो याच नसेला. तिथे ती एका अरुंद बोगद्यातून जाते आणि वर मांस-चरबीचं पांघरूण जवळपास नाहीच. कोपर वाकवलं की बोगद्यावरचा पट्टा ताणला जातो, जागा कमी होते आणि नसही काही मिलिमीटर ताणली जाते. थोडा वेळ चालतं, पण तासन्‌तास तसंच राहिलं की नसेचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि मुंग्या सुरू होतात. याला डॉक्टर क्युबिटल टनेल सिंड्रोम म्हणतात. हातातल्या नसा दबण्याच्या प्रकारांत मनगटाच्या कार्पल टनेलनंतर हाच सगळ्यात जास्त दिसतो.

सुरू करण्याआधी: हे असेल तर पुढचं वाचत बसू नका

डाव्या हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत कळ जातेय आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप असं काही असेल तर ते हृदयाचं असू शकतं, लगेच इमर्जन्सीत जा. अचानक एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तरी तेच. दोन्ही हात बधिर आणि चालताना तोल जातोय किंवा लघवीवर ताबा राहत नाहीये, तर मानेतल्या मणक्याची तातडीने तपासणी हवी. आणि कोपराला जोरात मार लागल्यानंतर बोटं बधिर झाली असतील तर आधी फ्रॅक्चर बघायचं, घरगुती प्रयोग नाही.

पायरी १: बोटं नीट ओळखा

"हात बधिर होतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही. मुंग्या आलेल्या असताना पेन घ्या आणि दुसऱ्या हाताने बधिर भागाची सीमा हातावरच काढा. हो, खरंच काढा आणि फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

कोपरापाशी दबलेल्या नसेचं चित्र असं असतं: पूर्ण करंगळी, आणि अनामिकेची फक्त करंगळीकडची अर्धी बाजू. एकाच बोटाची एक बाजू बधिर आणि दुसरी ठीक, हे ऐकायला विचित्र वाटतं पण ही खूण फार बोलकी आहे. आता हात उलटा करून पंज्याची मागची बाजू, करंगळीच्या रेषेत मनगटापर्यंत, बोट फिरवून बघा. तिथेही बधिरपणा असेल तर अडचण मनगटाच्या वर आहे, बहुधा कोपरात, कारण त्या भागाची फांदी मनगटाच्या आधीच फुटून जाते. मागची बाजू एकदम व्यवस्थित आणि फक्त तळहाताकडून बधिर असेल तर नस मनगटापाशी दबलेली असू शकते, लांब सायकल चालवणाऱ्यांना हँडलमुळे असं होतं.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर हा लेख तुमचा नाही, ती कार्पल टनेलवाली वेगळी नस. आणि बधिरपणा मनगटाच्या वर चढून कोपरापर्यंतच्या आतल्या बाजूवर पसरत असेल, मान वळवली की वाढत असेल, तर मानेतूनच नस दबतेय का ते बघावं लागतं.

> तपासणी: दोन्ही कोपरं पूर्ण वाकवा, मनगटं सरळ ठेवा, ६० सेकंद तसेच थांबा. करंगळीत मुंग्या सुरू झाल्या तर संशय पक्का होतो. नाही झाल्या म्हणून नस दबलेली नाही असं मात्र धरू नका. आणि मुंग्या आल्या की लगेच हात सरळ करा, ही टेस्ट रोज करून बघायची गोष्ट नाही.

पायरी २: ताकद तपासा. घरी थांबायचं की नाही ते इथे ठरतं

लोक सगळ्यात जास्त हीच पायरी सोडतात, आणि सगळ्यात महाग पडते ती हीच. मुंग्या त्रास देतात म्हणून त्यांच्याकडे लक्ष जातं, पण ताकद गुपचूप जाते, दुखत नाही काही नाही, आणि एक दिवस कळतं की किल्ली फिरवता येत नाहीये, शर्टाचं बटण लागत नाहीये, हातातून वस्तू सुटतायत.

चार गोष्टी करून बघा, प्रत्येक वेळी दोन्ही हातांची तुलना करत.

एक, अंगठा आणि तर्जनीची बाजू यांच्यामध्ये कागद धरा, किल्ली धरतो तसा, आणि कुणाला तरी तो ओढायला सांगा. कागद धरून ठेवताना अंगठ्याचं शेवटचं पेर आपोआप वाकत असेल तर अंगठा आत ओढणारा स्नायू कमजोर झालाय आणि दुसऱ्या नसेवर चालणारा स्नायू त्याचं काम करतोय. दोन, मधलं बोट तर्जनीवर चढवून बघा, सहज चढतंय का. तीन, सगळी बोटं फाकवून परत जुळवा. करंगळी बाजूलाच राहते का, खिशात हात घालताना अडकते का? चार, अंगठा आणि तर्जनीच्या मधला पंज्याच्या मागच्या बाजूचा मांसल भाग बघा, तिथे खड्डा पडलाय का.

करंगळी आणि अनामिका प्राण्याच्या नख्यांसारखी आत वळायला लागली असेल तर वेगळी टेस्ट करायची गरजच नाही.

> सावधान: यातलं एकही लक्षण असेल, किंवा बधिरपणा आता येत-जात नसून चोवीस तास आहे असं असेल, तर खाली दिलेला सहा आठवड्यांचा घरचा कार्यक्रम तुमच्यासाठी नाही. या आठवड्यातच ऑर्थोपेडिक, हँड सर्जन किंवा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. रात्रीची काळजी (पायरी ४) आजपासून घ्या, पण तिच्या भरवशावर अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका. सुकलेला स्नायू फार दिवस नसेविना राहिला की नंतर नस मोकळी करूनही तो पूर्ण परत येत नाही.

ताकद ठीक आहे आणि मुंग्या येऊन-जाऊन आहेत? मग पुढे चला.

पायरी ३: तीन दिवस फक्त नोंद

मुंग्या आल्या की वेळ आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात कोपर कसं होतं एवढंच लिहायचं. वाकलेलं होतं का टेकलेलं होतं. तीन दिवसांत चित्र समोर येतं. बहुतेकांचं उत्तर यातलंच असतं: झोप, फोन कानाला लावून बोलणं, आडवं पडून फोन बघणं, खुर्चीच्या हातावर कोपर टेकणं, गाडी चालवताना खिडकीच्या कडेवर कोपर ठेवणं. ही नोंद न करता लोक थेट पट्टा विकत आणतात आणि मग दिवसभर टेबलावर कोपर टेकून बसतात.

पायरी ४: रात्र सुधारा, बाकी सगळं नंतर

मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर हीच सांगितली असती. आपण झोपेत कोपर पूर्ण दुमडतो, हनुवटीखाली किंवा उशीखाली हात घालतो, आणि सहा-सात तास नस ताणलेल्या अवस्थेत राहते. दिवसा कितीही काळजी घेतली तरी रात्र ते सगळं पुसून टाकते.

तयारीला काय लागतं: एक मध्यम आकाराचा टॉवेल आणि क्रेप बँडेज किंवा सैलसर कापडी पट्टी. किंवा तयार मिळणारा कोपराचा नाइट स्प्लिंट. टॉवेलने सुरुवात करा, तो जमला तर स्प्लिंटची गरज पडेलच असं नाही.

१. कोपर जवळपास सरळ ठेवा, अगदी ताठ नको. पूर्ण सरळपासून साधारण ३० ते ४५ अंश वाकलेलं, म्हणजे हात शरीराच्या बाजूला आरामात सोडला की जेवढा किंचित वाकतो त्याहून थोडंसं जास्त.

२. टॉवेलची लांबट घडी करून कोपराभोवती गुंडाळा, जाड भाग कोपराच्या पुढच्या बाजूला, वाकवल्यावर जिथे घडी पडते तिथे यायला हवा, म्हणजे वाकवायला गेलं की तो अडेल.

३. वरून पट्टी सैल बांधा. खाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत.

४. आतल्या टोकदार हाडामागच्या खाचेवर गाठ, वेल्क्रो किंवा स्प्लिंटची कडक पट्टी येऊ देऊ नका. इथे इतके जण चुकतात की काय सांगू. नस वाचवायला बांधलेला पट्टा नेमका नसेवरच दाब देतो.

५. हात उशीवर शरीराशेजारी ठेवा. पोटावर झोपायची सवय असेल तर ती बदलावी लागेल. कुशीवर झोपणाऱ्यांनी दुखरा हात वरच्या बाजूला ठेवून समोर एक मोठी उशी घ्यावी आणि तिच्यावर हात लांब सोडावा.

> तपासणी: बांधल्यावर दहा मिनिटांनी बोटांचा रंग बघा. निळसर, थंड किंवा मुंग्या जास्त? घट्ट झालंय, सोडून परत बांधा.

पहिल्या चार-पाच रात्री अडचण होते, झोपेत काढून फेकला जातो, हे सगळ्यांचं होतं. परत बांधा, आठवड्यात सवय होते. मनगटाचा पट्टा इथे काहीच करत नाही कारण कोपर वाकायचं ते वाकतंच. आणि घट्ट इलॅस्टिकचा कोपराचा स्लीव्ह, खेळाडू घालतात तो, रात्रभर घालू नका, तो दाब वाढवतो.

पायरी ५: दिवसातली दोन कामं बंद

वाकवून ठेवणं आणि टेकवणं, हे दोनच शत्रू. फोनवर बोलताना इयरफोन किंवा स्पीकर. आडवं पडून फोन छातीवर धरून बघणं सहा आठवडे बंद, फोन बघायचाच तर स्टँडवर. कीबोर्ड जरा लांब आणि खाली, म्हणजे कोपर काटकोनापेक्षा उघडं राहील. खुर्चीचे हात टणक असतील तर त्यांच्यावर मऊ पॅड बांधा, किंवा खुर्चीचे हात काढूनच टाका, मला हे जास्त पटतं कारण पॅड असला की माणूस बिनधास्त टेकतो. लिहिताना, वाचताना टेकायचं असेल तर कोपराच्या खालचा मांसल भाग टेका, कोपर हवेत. जिममध्ये ट्रायसेप्सचे व्यायाम, डिप्स, पूर्ण वाकवून वजन उचलणं तूर्त थांबवा.

दर अर्ध्या तासाने हात सरळ सोडून अर्धा मिनिट सैल हलवा. अलार्म लावा, नाहीतर आठवत नाही.

मालिशबद्दल स्पष्टच सांगते. कोपराच्या आतल्या हाडामागे दाबून चोळायचं नाही. तिथे "गाठ" म्हणून जी लागते ती बऱ्याचदा नसच असते, आणि आधीच दबलेल्या नसेला तुम्ही अंगठ्याने अजून दाबताय. खांदा, मान, दंड चोळलं तर हरकत नाही.

पायरी ६: व्यायाम, पण दोन-तीन आठवड्यांनंतर

चिडलेल्या नसेला पहिल्या दिवसापासून ताणलं तर ती आणखी चिडते. मुंग्या थोड्या कमी झाल्या की मगच सुरू करा. आणि ताणायचं नाहीच मुळी, बोगद्यातून मागेपुढे सरकवायचं.

हात शरीराच्या बाजूला खाली सोडा, तळवा पुढे. आता कोपर सावकाश वाकवत आणा आणि त्याच वेळी मनगट आत दुमडू द्या, तळवा आपल्याकडे येईल. मग कोपर सरळ करत जा आणि सोबत मनगट मागे झुकवा. म्हणजे एकीकडून नस ओढली जाते तेव्हा दुसरीकडून तिला ढील मिळते. ५ ते १० वेळा, दिवसातून दोनदा, घाई न करता. कोपर काटकोनापर्यंतच वाकवा, त्यापुढे नाही.

> सावधान: व्यायाम करताना मुंग्या आल्या तर हालचाल निम्मी करा. थांबल्यावरही मुंग्या राहत असतील तर आठवडाभर व्यायाम बंद. "थोडं दुखलं तर फायदा होतो" हे स्नायूचं गणित झालं, नसेला लावू नका.

अंगठा-तर्जनीचा गोल करून तो उलटा डोळ्यावर चष्म्यासारखा लावायचा जो व्यायाम व्हिडिओत सगळीकडे दिसतो त्यात कोपर पूर्ण वाकलेलं आणि मनगट मागे, म्हणजे नस दोन्हीकडून ताणलेली. फिजिओने समोर बसून करून घेतला तर ठीक, स्वतःहून नको. बॉल दाबायचे व्यायामही आत्ता नकोत, एक तर फायदा फारसा नाही, आणि पुन्हा पुन्हा मूठ आवळून त्या भागावरचा ताण वाढतो.

पायरी ७: औषधं, थोडक्यात

दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली सूज कमी करणारी गोळी थोडे दिवस घेता येते, पण ती नस मोकळी करत नाही. अॅसिडिटी-अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊच नका. बी १२ कमी असेल तरच बी १२ चा उपयोग, म्हणून आधी रक्त तपासा. बी ६ तर जास्त डोसमध्ये महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच नसांना इजा होऊ शकते, तेव्हा "नसांची गोळी" म्हणून जे घेताय त्यावर काय लिहिलंय ते वाचा. स्टिरॉइडचं इंजेक्शन मनगटाच्या कार्पल टनेलमध्ये वापरतात, कोपरात त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही.

पायरी ८: सहा आठवड्यांनी हिशोब, मग तपासण्या

पायरी २ च्या चारही टेस्ट दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी करा आणि लिहून ठेवा. सहा आठवड्यांत रात्री जाग येणं कमी झालं, मुंग्यांची वेळ कमी झाली तर तेच पुढे चालू ठेवा, साधारण तीन महिन्यांपर्यंत. सौम्य त्रास असलेल्या बऱ्याच लोकांचं एवढ्यावरच भागतं. काहीच फरक नाही, किंवा ताकदीची एखादी टेस्ट बिघडली, तर तपासण्या.

मुख्य तपासणी म्हणजे नर्व्ह कंडक्शन, एनसीव्ही. हातावर छोटे शॉक देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. कोपरापाशी वेग सेकंदाला ५० मीटरच्या खाली आला की तिथे अडथळा धरतात. सोबत ईएमजी, त्यात बारीक सुई स्नायूत घालतात, त्यावरून स्नायूचं किती नुकसान झालंय ते कळतं.

तयारी: त्या दिवशी हाताला तेल, क्रीम काही लावायचं नाही, हात कोमट ठेवायचे कारण थंड हातात वेग कमी दिसतो, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, आणि पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. दोन्ही हातांची टेस्ट करून घ्या, तुलनेला लागते.

> लक्षात ठेवा: सुरुवातीच्या त्रासात हा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणून लक्षणं खोटी ठरत नाहीत.

जुनं फ्रॅक्चर, हाड वाढणं, संधिवात यासाठी एक्स-रे. सोनोग्राफीत नस सुजलीय का, आणि कोपर वाकवताना ती हाडावरून टुणकन पुढे घसरते का ते दिसतं. रक्तात साखर, बी १२ आणि थायरॉइड. एक गोष्ट जी लोक विचारतच नाहीत: कोपरापाशी नस जाड दोरीसारखी हाताला लागत असेल आणि अंगावर कुठे फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायलाच हवी. तो औषधांनी पूर्ण बरा होतो, पण लपवला तर नस जाते. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

पायरी ९: ऑपरेशनची वेळ आली तर

ताकद कमी होतेय, स्नायू सुकतोय, बधिरपणा कायमचा झालाय, किंवा तीन-चार महिने नीट करूनही फरक नाही, तेव्हा सर्जन ऑपरेशन सुचवतात. सगळ्यात साधं म्हणजे वरचा पट्टा उघडून नस जागेवरच मोकळी करणं. दुसरं, नस हाडाच्या मागून काढून पुढे आणणं. पहिल्यांदाच ऑपरेशन असेल, कोपराचं हाड ठीक असेल आणि नस घसरत नसेल तर दोन्हींचा फायदा साधारण सारखा आणि साध्या प्रकारात गुंतागुंत कमी. म्हणून सर्जनला हे विचारा: माझी नस घसरते का? तुम्ही कुठला प्रकार करणार आणि माझ्या बाबतीत तोच का? माझ्या स्नायूची ताकद किती परत येईल असं तुम्हाला वाटतं?

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. कोपराची हलकी हालचाल कधी सुरू करायची ते ऑपरेशनच्या प्रकारावर आहे, ते सर्जनकडून लिहून घ्या, शेजारच्याचं ऑपरेशन कसं होतं त्यावरून ठरवू नका. जखमेच्या आसपास एखादा पट्टा बधिर राहू शकतो कारण तिथून त्वचेच्या बारीक नसा जातात.

आणि घाई करू नका. नस वाढते दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम ३ सेंटिमीटर. कोपरापासून पंज्यातल्या स्नायूंपर्यंतचं अंतर मोजा म्हणजे कळेल. रात्रीच्या मुंग्या काही आठवड्यांत कमी होऊ शकतात, पण नसेचे धागेच मेलेले असतील तर ताकद यायला वर्षही जातं. तोवर बधिर बोटांना जपा: गरम भांडं, इस्त्री, धारदार वस्तू दुसऱ्या हाताने धरा, आणि रोज रात्री करंगळीवर भाजल्या-कापल्याची खूण नाही ना ते बघा, कारण तुम्हाला ते जाणवलेलं नसतं.

ऑपरेशननंतरही कोपर दुमडून झोपायचं नाहीच. आणि दुसरा हात विसरू नका, तो त्याच सवयींत वाढलेला असतो. कागदाची टेस्ट करताना तो सुद्धा धरायचा.